आधी वही, मग ॲप

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी माळ्यावर एक खोकं आहे. त्यात शंभर-दीडशे कॅसेटी, थोड्या सीडी आणि एक टू-इन-वन, ज्याचा बेल्ट वितळून डांबरासारखा झालाय. खाली घरात गाणी चार दिशांना पांगलेली. आईची आकाशवाणीवर, मुलीची फोनमध्ये, बायकोची यूट्यूबवर जाहिरातींसकट आणि माझी एका पेनड्राइव्हमध्ये, जो गाडीतून कधी वर येत नाही. गेल्या पावसाळ्यात ठरवलं, घरासाठी एक पैसे भरून घ्यायची संगीत सेवा निवडायची. चार सेवा वापरून पाहिल्या. नको तिथे पैसे गेले, नको तिथे वेळ गेला. त्या उठाठेवीतून जो क्रम हाती लागला तो इथे लिहितो. या क्रमाने गेलात तर सहा-सात आठवड्यांत निकाल लागतो आणि खर्च जवळजवळ होत नाही.

दहा कोटी गाणी, असं स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक दोघंही सांगतात. या आकड्याला भुलू नका. त्यातली फार तर पाच हजार तुम्ही आयुष्यात ऐकाल. ती तिथे आहेत का, घरातल्या भिंती ओलांडून नीट पोचतात का आणि घरातल्या प्रत्येकाला ती लावता येतात का, एवढंच तपासायचं आहे.

पहिली पायरी: चाळीस गाण्यांची वही

फोनमध्ये नको, कागदावर. शाळकरी वही घ्या आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवा, पेनासकट. आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने आपली दहा-दहा गाणी त्यात लिहायची. एका बैठकीत ही यादी होत नाही. भांडी घासताना जे ओठांवर येतं ते खरं.

सोपी गाणी लिहू नका. गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं गाजलेलं सिनेमाचं गाणं सगळीकडे मिळतं, त्याने काहीच कळत नाही. सेवा अडखळतात त्या दुसऱ्याच जागी. गावच्या भजनी मंडळाने ऐंशीच्या दशकात काढलेली कॅसेट, नाट्यसंगीताची जुनी तबकडी, आजीला पाठ असलेली भूपाळी, लहानपणी ऐकलेली बालगीतं, वगनाट्यातली लावणी. घणसोलीचा माझा एक आगरी मित्र आहे, त्याने वहीत हळदीची दोन गाणी घातली आणि तीच सगळ्यात कठीण प्रश्नपत्रिका ठरली. अशी गाणी छोटे स्थानिक निर्माते काढतात, ती आधी यूट्यूबवर येतात आणि बाकीच्या सेवांवर येतातच असं नाही.

प्रत्येक गाण्यापुढे गायकाचं नाव लिहा आणि जमल्यास लांबी. लांबीचं महत्त्व मला उशिरा कळलं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटंच मावत. म्हणजे त्या काळातलं नाट्यपद ॲपवर सहा मिनिटांचं दिसलं, तर बहुतेक वेळा ते नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं किंवा मैफलीतलं असतं. वाईट असेल असं नाही, पण आईला हवं ते नसतं. नाव तेच, गायक तोच, आणि आई दहा सेकंदांत म्हणते, "हे नव्हे."

वहीत एक मोठी मालिका जरूर असू द्या. आमच्याकडे 'गीतरामायण' होतं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही ५६ गीतांची माळ तपासणीला फार उपयोगी, कारण संख्या पक्की आणि क्रमही पक्का. छप्पन्नच्या छप्पन्न सापडतात का? एकाच गायकाच्या आवाजात सापडतात का? लव-कुशांपासून सुरू होऊन ओळीने लागतात, की वनवासाआधीच लंका येते? एका ठिकाणी मला सगळी गीतं मिळाली, पण पाच वेगवेगळ्या अल्बमांत विखुरलेली आणि दोन-तीन दोनदा. ती ओळीने लावायला एक अख्खी रविवारची दुपार गेली.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी विलंबित आणि द्रुत ख्याल वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेला एक राग वहीत घ्यावा. दोन ट्रॅकच्या मध्ये ॲप श्वास घेतं का, तानपुरा मध्येच तुटतो का, ते त्यात लगेच कळतं. सलग वादनाची सोय सेटिंगमध्ये असते, काही ठिकाणी ती आपण चालू करावी लागते.

दुसरी पायरी: पैसे न भरता जितकं कळतं तितकं कळून घ्या

गाणं आहे की नाही हे पाहायला वर्गणी लागत नाही. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक यांत फुकट खातं काढून शोधता येतं. वहीतली चाळीस गाणी प्रत्येक सेवेत शोधा आणि समोर खूण करा: बरोबर मिळालं, दुसऱ्याच आवाजात मिळालं, नाही मिळालं. तीनच खुणा पुरतात. मी आधी दहापैकी गुण द्यायला गेलो होतो, घरात वाद झाले.

शोधताना मराठी माणसाची खरी अडचण नावांच्या रोमन स्पेलिंगची. ज्ञानेश्वर हे एकच नाव कुणी 'डी एन'ने सुरू करतं, कुणी 'जी वाय'ने, कुणी 'जे एन'ने. विठ्ठलात 'टी' किती आणि 'एच' किती, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. 'ल' आणि 'ळ' दोघांनाही बहुतेक ठिकाणी 'एल'च. म्हणून एक गाणं तीन प्रकारे शोधा: देवनागरीत, रोमनमध्ये आणि गायकाच्या पानावर जाऊन त्याच्या अल्बमांत. तिन्हीकडे नसेल तरच 'नाही' लिहा. आमच्या वहीतली सात गाणी पहिल्या शोधात गैरहजर होती आणि गायकाच्या पानावर हजर. वर येणाऱ्या निकालांत कराओके, 'लो-फाय' आणि कुणाच्या तरी पुतणीने गायलेली आवृत्ती पुढे असू शकते, तेव्हा पहिलं नाव दिसलं की लगेच बरोबरची खूण करू नका.

याच आठवड्यात घरात आधीपासून काय आहे तेही बघा. मोबाइलच्या किंवा फायबरच्या योजनेबरोबर एखादी संगीत सेवा जोडून आलेली असू शकते; ॲमेझॉन प्राइम असेल तर ॲमेझॉन म्युझिक त्यात येतं. ज्याचे पैसे भरतोय ते वापरायचं राहून गेलेलं, असं बऱ्याच घरांत निघतं.

आणि आकाशवाणी विसरू नका. प्रसारभारतीच्या 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर देशभरातली केंद्रं फुकट, थेट ऐकता येतात. मुंबईची अस्मिता वाहिनी, विविध भारती, पुणे केंद्र. ट्रान्झिस्टरवर आमच्या इमारतीत खरखर होते, फोनवर ती नाही. आईचा सकाळचा अर्धा प्रश्न इथेच सुटला.

तिसरी पायरी: चाचणी सुरू करण्याआधी बँकेकडे बघा

वहीच्या खुणांवरून दोन सेवा पुढे काढा, फार तर तीन. आता त्यांची मोफत चाचणी घ्यायची, पण एका वेळी एकच. दोन एकदम सुरू केल्या की दोन्हींचा शेवटचा दिवस एकाच आठवड्यात येतो आणि एक निसटते.

चाचणी फुकट असली तरी कार्ड किंवा यूपीआय आधीच मागतात. पडताळणीला एक-दोन रुपये कापून परत येतात, त्याने घाबरू नका. मुद्दा आहे तो आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचा. अशा परवानगीचे, म्हणजे ई-मँडेटचे, रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू झाले. त्यानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते. पण परवानगी एकदा दिली की ठराविक मर्यादेखालच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २०२२ मध्ये ती १५,००० झाली. गाण्यांची वर्गणी त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे पैसे गुपचूप जातात. सूचनेचा संदेश बँकेच्या इतर पन्नास संदेशांत बुडतो.

माझं नेमकं तेच झालं. एका सेवेची चाचणी मी 'बंद' केली, म्हणजे फोनवरून ॲप काढून टाकलं. ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. तीन महिने पैसे जात राहिले आणि चौथ्या महिन्यात बायकोने पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. नंतरचा संवाद इथे देत नाही.

तर रीत अशी. चाचणी सुरू केली त्याच मिनिटाला कॅलेंडरमध्ये शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधीची आठवण लावा. वहीच्या त्या पानावर सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि पैसे कुठून जोडले ते लिहा: कोणतं कार्ड, की यूपीआय, की फोनच्या ॲप स्टोअरचं खातं. बंद करताना तिथेच जावं लागतं. यूपीआय असेल तर आपल्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'चा विभाग असतो, तिथे चालू परवानग्या दिसतात आणि रद्दही करता येतात. काही सेवांत चाचणी रद्द केली तरी ती शेवटच्या दिवसापर्यंत चालते, काहींत त्याच क्षणी गाणी थांबतात. रद्द करण्याच्या पानावर ते लिहिलेलं असतं, बोट दाबण्याआधी वाचा. आईवडिलांच्या फोनवर चाचणी घेणार असाल तर त्यांचं पेन्शनचं खातं कुठेही जोडू नका.

चौथी पायरी: भिंती

गाण्यासाठी मोठ्या वेगाची फायबर योजना घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, गरज नाही. लॉसलेस, म्हणजे गाण्यातलं काहीच न गाळणारा दर्जा, सोडला तर नेहमीच्या सेवांतला वरचा दर्जा ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० हजार बिट), म्हणजे एक एमबीपीएसचा तिसरा हिस्सा. कुठलीही घरगुती योजना ते सहज पेलते. गाणं अडकतं ते वेगामुळे नाही, भिंतीमुळे.

नौपाड्यातल्या जुन्या विटांच्या इमारतीत वायफाय बऱ्यापैकी फिरतं. माझा भाऊ घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये राहतो. तिथे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती, आतल्यासुद्धा सगळ्या सळ्या घातलेलं काँक्रीट. राउटर दाराशी, कारण फायबरची तार तिथून आत येते, आणि शेवटच्या खोलीत फोनवर एक काडी. त्याला वाटत होतं ॲप खराब आहे.

राउटरच्या लहरींचे दोन पट्टे (बँड) असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतो. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण भिंत ओलांडतो. गाण्याला वेग नकोच आहे, म्हणून लांबच्या खोलीतला स्पीकर २.४ वर जोडा. मात्र सोसायटीत चाळीस घरांचे राउटर याच पट्ट्यावर बोलत असतात. तिथे १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिन्ही एकेक दिवस लावून पाहा. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा मायक्रोवेव्हशेजारी असेल तर आधी तो हलवा. मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्ट्यात लुडबूड करतो. दूध गरम करायला ठेवलं की अभंग अडखळतो, हे आमच्या घरचं निरीक्षण.

पाचवी पायरी: आवाज येणार कुठून

नवा स्पीकर घेण्याआधी माळ्यावर चढा. जुनी म्युझिक सिस्टीम चालू असेल तर तिच्या पाठीमागे लाल-पांढरी भोकं किंवा 'ऑक्स' लिहिलेलं एक भोक असतं. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीमधून ते काढून देणारं छोटं कनेक्टर मिळतं, त्यातून एक वायर सिस्टीमला. बस्स. फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्के ठेवा आणि बाकी सिस्टीमवरून कमी-जास्त करा. फोन हळू आणि सिस्टीम मोठी केली तर गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. फोन चार्जिंगला लावल्यावर घरघर सुरू झाली तर ती चार्जरची, चार्जर काढून बघा. आमच्या माळ्यावरच्या सिस्टीमचा कॅसेटचा भाग गेलेला, पण स्पीकर अजून ठणठणीत. आजच्या हातभर साउंडबारला त्यांची सर नाही.

ब्लूटूथ स्पीकर सोपा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यात गाणं फोनमधून जातं. फोन खिशात घालून गॅलरीत गेलात की गाणं तुटतं, आणि आरती चालू असताना कर्जवाल्यांचा फोन आला तर तो देवघरात घुमतो. वायफायवरून 'कास्ट' करण्यात तसं होत नाही. तिथे स्पीकर किंवा टीव्ही स्वतः इंटरनेटवरून गाणं खेचतो, फोन फक्त रिमोट. दुसरी गोष्ट अशी की ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबून पाठवतं. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दर्जा दिला, ही चांगलीच गोष्ट. पण नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनवर तो पूर्णपणे उतरत नाही. सोनीचं एलडॅक हे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याचं तंत्र त्यातल्या त्यात जास्त वाहून नेणारं, तरी ९९० केबीपीएसपर्यंत. म्हणजे ज्यांच्या घरी फक्त ब्लूटूथ आहे त्यांनी लॉसलेससाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बोलून चालणाऱ्या स्पीकरबद्दल थोडक्यात. आमच्याकडे आणून पाहिलेल्याला हिंदी आणि इंग्रजी समजत होतं. मराठी अभंगाची पहिली ओळ त्याने जशी समजून घेतली ती ऐकून आई हसून लोळली, त्याच्या पलीकडे त्याचा उपयोग झाला नाही. परत दिला.

जागा महत्त्वाची. दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, समोर काचेचं शोकेस: आवाज आदळून परत येतो. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात किंवा अगदी कोपऱ्यात ठेवला की ढोल फुगतो आणि शब्द पुसले जातात. भिंतीपासून वीतभर पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला, आणि खिडकीला जाड पडदा. या फुकटच्या बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही वर्गणीने पडला नाही.

सहावी पायरी: कानांची परीक्षा, डोळे बांधून

दोन सेवांचा आवाज तोलताना सगळेच फसतात, कारण जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. सेवा आपापल्या पद्धतीने गाण्यांची पातळी सारखी करतात. ती सोय दोन्हींत बंद करा. स्पॉटिफायमध्ये 'ऑडिओ नॉर्मलायझेशन', ॲपल म्युझिकमध्ये 'साउंड चेक' या नावाने ती सापडेल. मग दर्जा बघा. वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांचा दर्जा बहुतेक ठिकाणी वेगवेगळा ठरवता येतो आणि मुळात तो 'आपोआप'वर असतो. तिन्ही वरच्या पातळीवर न्या, नाहीतर तुम्ही एकाचा तळ आणि दुसऱ्याचा माथा तोलत बसाल.

गाणं कोणतं? टाळ वाजणारं भजन. कमी दर्जात पहिल्यांदा मार बसतो तो झांज, टाळ आणि टाळ्यांना. त्यांचा खणखणीतपणा जाऊन पाण्यात हलवल्यासारखा सळसळाट होतो. त्यानंतर तबल्याचा डग्गा आणि एकट्या गळ्याची, मागे फक्त तानपुरा असलेली आलापी. एकाच ध्वनिमुद्रणाची एकच आवृत्ती दोन्हीकडे आहे ना, हे लांबीवरून पडताळा.

आता फोनकडे पाठ करून बसा. घरातल्या कुणीतरी नाणं उडवून अर्धा मिनिट एक सेवा लावायची, तुम्ही ओळखायची. दहा वेळा. पाच-सहा बरोबर आली तर ते नाण्यासारखंच झालं. नऊ बरोबर आली तर फरक खरंच ऐकू येतोय, कारण दहापैकी निदान नऊ निव्वळ अंदाजाने जमण्याची शक्यता साधारण शंभरात एक. मुलीला आठ जमली. मला सहा, आणि मी घरातला दर्दी समजला जातो. त्या संध्याकाळपासून लॉसलेसचा विषय आमच्याकडे निघालेला नाही.

सातवी पायरी: आईच्या हाती फोन द्या आणि गप्प बसा

ही कसोटी सगळ्यात जास्त बोलकी आहे, म्हणून तिला पूर्ण रविवार द्या. घरातल्या ज्येष्ठ माणसाला फोन द्यायचा, एक गाणं सांगायचं आणि मध्ये बोलायचं नाही. कुठे बोट अडतं ते वहीत लिहायचं. आईचं बोट तीन जागी अडलं. ॲप उघडताच पूर्ण पडदाभर आलेली जाहिरात, तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. मग इंग्रजी मेनू. काही ॲपमध्ये भाषा मराठी करता येते, फोनची भाषा मराठी केली की काही आपोआप बदलतात, ते प्रत्येक सेवेत बघून घ्या. आणि तिसरी जागा, गाणं थांबवण्याची खूण पडद्याच्या अगदी तळाशी, जिथे तिचा अंगठा फोन धरतो.

उपाय साधा निघाला. तिच्या वीस गाण्यांची एक यादी केली, ती फोनवर डाउनलोड केली आणि तिची खूण फोनच्या पहिल्या पानावर आणून ठेवली. बाकीचं ॲप तिने बघायचंच नाही. त्याबरोबर 'ऑटोप्ले' बंद करायला विसरू नका. यादी संपली की ॲप आपल्या मनाने पुढचं काही लावतं. आमच्याकडे हरिपाठ संपला आणि पाठोपाठ मित्राच्या वहीतलं हळदीचं गाणं डीजेसकट सुरू झालं, देवासमोर समई तशीच. आईने जपमाळ खाली ठेवली नाही, पण पाय हलत होता.

झोपताना ऐकणाऱ्यांसाठी 'स्लीप टाइमर' आहे का तेही बघा. बहुतेक ठिकाणी असतो, फक्त दोन-तीन मेनू आत लपलेला.

आठवी पायरी: लोकल

माझी बायको डोंबिवलीला शाळेत शिकवते. २०२२ पर्यंत जलद लोकलने येताना मुंब्रा आणि कळव्याच्या मध्ये पारसिकचा बोगदा लागायचा, १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरच्या आसपास; आता त्यातून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. ऑफलाइनच्या तपासणीला, म्हणजे इंटरनेट नसताना गाणं लागतं का ते पाहायला, अशा बोगद्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. चालू गाणं बोगद्यात सहसा तुटत नाही, कारण ॲप पुढचा भाग आधीच भरून ठेवतं. खरी परीक्षा बोगद्यात शिरल्यावर पुढचं गाणं दाबण्याची. डाउनलोड केलेलं असेल तर लागतं, नसेल तर गोल चक्र फिरत राहतं. काही ॲप डाउनलोड असूनही आधी जाहिरातींचं मुखपृष्ठ उघडायला जातात आणि तिथेच अडकतात. हे घरी वायफायवर कधीच कळत नाही.

डेटाचा हिशेब एकदा करून ठेवा. ९६ केबीपीएसला तासाला ४३ एमबी, १६० ला ७२, ३२० ला १४४. लॉसलेसला तासाला तीन-चारशे एमबी सहज. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ३२० चा दर्जा दहा तास पुरतो, तेव्हा गाण्यांनी डेटा संपला असं कुणी म्हणालं तर बहुतेक तो गाण्यांच्या व्हिडिओंनी संपलेला असतो. वहीतली चाळीस गाणी वरच्या दर्जात उतरवली तर चारशे एमबीच्या आत बसतात. उतरवलेली गाणी आपली होत नाहीत, हेही ध्यानात असू द्या: स्पॉटिफायला तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं, नाहीतर ती कुलूपबंद होतात.

नववी पायरी: खातं एक की सहा

एकट्याच्या वर्गणीत एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. आम्ही पंधरा दिवस एका खात्यावर काढले. मुलगी वाशीच्या कॉलेजला ट्रान्स-हार्बरने जाते. तिची गाडी ठाण्याहून सुटून ऐरोलीला पोचली, तिने गाणं लावलं, की घरातली भूपाळी बंद. आई रोज म्हणायची, "पोचली वाटतं ऐरोलीला." शिवाय शिफारशींची खिचडी होते, कोरियन मुलांच्या शेजारी वारकरी.

कुटुंबाच्या योजनेत साधारण सहा जणांना वेगवेगळी खाती मिळतात. स्पॉटिफायची अट एका पत्त्यावर राहण्याची आहे, त्यामुळे कोपरखैरण्याच्या आत्याला त्यात बसवू नका. तीन माणसं रोज ऐकणारी असतील तर दर माणशी हिशेब करा, वहीत मांडून. दोघंच असाल तर काही सेवांत दोघांची योजना असते.

दहावी पायरी: निघण्याची वाट आधी बघून ठेवा

सेवा बंद पडतात. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गेलं, रेसोने ३१ जानेवारी २०२४ ला भारतातलं दुकान आवरलं, विंकही त्याच वर्षी बंद झालं. वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या अशा वेळी धावपळीत उचलाव्या लागतात. साउंडिझ आणि ट्यून माय म्युझिक या सेवा एका ठिकाणची यादी दुसरीकडे हलवून देतात, पण त्या नावावरून जुळवतात, आणि मराठी नावांचं स्पेलिंग काय आहे ते वर सांगितलंच. आमची ५६ ची माळ हलवताना नऊ गीतं दुसऱ्याच गायकाची आली.

म्हणून वर्गणी भरण्याच्या आदल्या दिवशी एक छोटी यादी हलवून बघा. राहिलेल्या सेवांच्या परवानग्या यूपीआयमध्ये आणि बँकेत जाऊन रद्द करा, मग ॲप काढा, या क्रमाने. पहिल्यांदा महिन्याचीच वर्गणी घ्या, वर्षाची सवलत दिसली तरी. दिवाळीच्या सुमारास सवलती येतातच.

आम्ही शेवटी कोणती घेतली ते विचारू नका, आमची वही तुमची नाही. एवढं सांगतो की चाळीसपैकी चौतीस एका सेवेत मिळाली, हळदीची दोन यूट्यूबवरच राहिली, आणि चार कुठेच नाहीत. ती माळ्यावरच्या खोक्यात आहेत. टू-इन-वनचा बेल्ट बदलून देणारा कुणी स्टेशनजवळ अजून बसतो का, ते आता शोधतोय.